तारअप्पांची आभाळातली गाडी

रेल्वेतनं रिटायर झालेली माणसं दोनच कामं करतात. एक तर फलाटावर जाऊन गाड्या किती उशिरा येतात ते बघतात, नाही तर देवळाच्या कट्ट्यावर बसून आपल्या काळात त्या किती वेळेवर यायच्या ते सांगतात. वीरभद्रप्पांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी स्वतःची वेगळी गाडी धरली. ती आभाळातनं जायची.

आमच्या गल्लीत त्यांना तारअप्पा म्हणत. सोलापूर स्टेशनच्या तारघरात त्यांची सगळी नोकरी गेली. कट्ट-कडकट्ट करणारी ती पितळी कळ आणि तिच्यातनं निघणारी अक्षरं, एवढंच त्यांचं जग. वादळवाऱ्यात लाइन बारीक झाली, पलीकडचं काही ऐकू येईना, की बाकीचे तारबाबू उठून म्हणायचे, "अप्पांना बसवा." अख्ख्या तारघरात एकच कान आहे असं साहेबसुद्धा म्हणायचा. हे मला अप्पांनीच सांगितलं. एकदा नाही.

बोलणंही तारेसारखंच झालं होतं. शब्दाला पैसे पडतात अशा हिशोबानं बोलायचे. बायकोला म्हणायचे, "साखर संपली." म्हणजे चहा अगोड लागला, कुणाला तरी वाण्याकडं पाठव, आणि मी रागावलेलो नाही. गौराक्काला हे सगळं त्या दोन शब्दांत कळायचं. मला कळायला वर्ष लागलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती बाहत्तरचा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाल्यावर. मी तेव्हा यंत्रमागावर जॉबर होतो. माग अडला, धोटा उडाला, कापडात दोष पडायला लागला की मला हाक यायची. शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यात चूक माझी नव्हती. पण मागाच्या आवाजावरनं आत काय बिघडलंय हे मी दारातनं सांगायचो, आणि घरी ओट्यावर लोखंड पकडायचा व्हाइस लावून गल्लीची किरकोळ कामं करायचो.

एका सकाळी अप्पा सायकलला ॲल्युमिनियमच्या नळ्या बांधून दारात उभे राहिले. धोतर, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती.

"नरसय्या तूच का?"

"व्हय."

"नळ्या कापायच्या. मापं हितं."

कागदावर माशाच्या काट्यासारखं चित्र होतं. मधी एक दांडा, दोन्ही बाजूंना काटे, आणि त्याच्यावर आडवा असाच दुसरा काटा.

"हे काय?"

"एरियल."

"रेडिओला तार पुरते की. नळ्या कशाला?"

"तार ऐकायला. मला बोलायचं हाय."

"कुणासंगं?"

अप्पांनी जरा विचार केला. "ते अजून ठरलं न्हाय," म्हणाले.

मी नळ्या कापल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप लावून बघितलं आणि दोन नळ्या बाजूला ठेवल्या. "दोन सूत जास्त."

मला राग आला. दोन सूत म्हणजे पाव इंच. "अप्पा, तो उपग्रह का काय तो, एवढ्या लांबनं त्याला दोन सूत दिसत्यात व्हय?"

"फलाटाला गाडी दोन सूत पुढं लागली तर माणसं चढतात," ते म्हणाले. "हितं फलाटच न्हाय."

मी त्या नळ्या परत कापल्या. पण माझ्या मनानं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

मग हळूहळू मला कळत गेलं. जगातल्या हौशी रेडिओवाल्यांनी घरच्या हत्यारांनी एक उपग्रह बनवला होता, आणि तो दुसऱ्या कुठल्या मोठ्या रॉकेटच्या पाठीवर बसून वर गेला होता. तिकीट न काढता गेला असं अप्पा म्हणत, आणि त्यांच्यासारख्या रेल्वेच्या माणसाला ते जरा खटकायचं. तो उपग्रह खालनं आलेलं बोलणं एका लहरीवर घ्यायचा आणि दुसऱ्या लहरीवर खाली सोडायचा. "जंक्शन," अप्पा म्हणाले. "एका लाइनीनं आत, दुसरीनं बाहेर." तो ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर असेल ते सगळे तेवढ्यापुरते एकाच फलाटावर. मग तो सोलापुरातला तारअप्पा असो नाही तर अरबस्तानातला शेख. चहा उकळून, गाळून, पिऊन कपबशी विसळेपर्यंत गाडी आभाळात असायची. मग उतरायची.

परवाना त्यांनी आधीच काढला होता. दिल्लीहून आला होता. चौकशीला आलेल्या हवालदारानं वर जाऊन यंत्र बघितलं, खाली येऊन गौराक्काच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, आणि विचारलं, "अप्पा, ह्याच्यावर गाणी लागतात का?"

"न्हाय."

"बातम्या?"

"न्हाय."

"मग धोका काय न्हाय," असं म्हणून त्यानं कागदावर सही केली. परवाना आला तो अप्पांनी चौकटीत घालून सिद्धरामेश्वराच्या तसबिरीशेजारी टांगला. रोज दोघांना उदबत्ती.

स्टेशन त्यांचं गच्चीवर होतं. रेल्वे लाइन्सच्या मागं दोन खोल्यांचं घर, वर पत्र्याची एक खोली. आत टेबलावर मिलिटरीच्या भंगारातनं आणलेला रिसीव्हर, स्वतः बांधलेला ट्रान्समीटर, आणि तारघरातली असावी तशी कळ. ऐकायची तार गच्चीतनं शेजारच्या कडुलिंबापर्यंत ताणलेली. बोलायचं एरियल मात्र उपग्रहाच्या मागनं फिरवावं लागायचं, आणि ते काम माझ्याकडं आलं. दार उघडं ठेवलं की मी बाहेर एरियलच्या दांडीपाशी, अप्पा आत टेबलापाशी, दोघं एकमेकांना दिसायचो.

फिरवायचं चाक मी मागाचं बसवलं. मागावर कापड गुंडाळत नेणारं एक दात्याचं चाक असतं. त्याच्यावर लोखंडी पंजा बसतो, चाक एक एक दाता पुढं सरकतं आणि पंजा त्याला मागं येऊ देत नाही. मी म्हटलं, वारा सुटला तरी एरियल हलणार नाही. एक दाता ओढला की टक् करून जागेवर. अप्पांनी हात लावून बघितलं, दोन-तीन दाते ओढले, म्हणाले, "उत्तम." तारेत हा शब्द फार कमी जातो.

पहिल्याच संध्याकाळी गाडी दक्षिणेकडनं उगवली आणि पूर्वेच्या बाजूनं वर चढायला लागली. म्हणजे मला चाक उलटं फिरवायला पाहिजे होतं. ते उलटं फिरत नाही. मागावर कापड कधी मागं जात नसतं, त्यामुळं मला तो विचार शिवला नव्हता. मी सरळ बाजूनं अख्खा वेढा मारून गाठायला गेलो. मी वेढा पुरा करेस्तोवर गाडी आणखी पुढं. गल्लीतनं बघणाऱ्यांना वाटलं आम्ही रहाट चालवतोय.

गाडी उतरल्यावर अप्पा बाहेर आले. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पंजा चांगला हाय," मी म्हणालो.

"हाय," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आपलं टाइमटेबल काढलं. उपग्रहाच्या वेळा त्यांनी रेल्वेच्या टाइमटेबलासारख्याच आखल्या होत्या. त्यात बराच वेळ पेन्सिलनं खुणा केल्या आणि मला बोलावलं. "संध्याकाळी पश्चिमेनं जाते ती आपली. सकाळी पूर्वेनं येते ती आपली. बाकीच्या थ्रू गाड्या. आपल्या स्टेशनावर थांबत न्हाईत."

पंजा काढून टाकायला मला एक पाना आणि एक विडी एवढा वेळ लागला असता. त्यांनी सांगितलं नाही, मी काढला नाही. निम्म्या गाड्या आम्ही शेवटपर्यंत सोडून दिल्या. लोक ह्याला अडेलपणा म्हणतील. पण वाऱ्यानं एरियल एकदाही हललं नाही, हे कुणी बघत नाही.

आपली गाडी यायच्या आधी अप्पा रेल्वेचा जुना काळा कोट चढवायचे. वैशाखातही. सोलापूरचा वैशाख ज्यानं बघितला नाही त्याला ह्या वाक्याचा अर्थ कळणार नाही. गळ्यापर्यंत बटणं लावून, घड्याळ टेबलावर ठेवून ते आतनं विचारायचे, "लाइन क्लिअर?" मी आभाळाकडं बघून म्हणायचो, "लाइन क्लिअर." आभाळात अडवणारं काय असणार? एकदा एरियलवर कावळा बसला होता म्हणून मी थांबलो, तर मी त्याला हाकलेपर्यंत अप्पा कळीला हात लावायला तयार नव्हते. एकदा शेजारच्या बाईंनी एका नळीवर ओलं लुगडं वाळत घातलं होतं. अप्पांनी खाली निरोप पाठवला, "लाइनीवर अडथळा." त्या बाई अजून म्हणतात की तारअप्पांनी माझ्या लुगड्याची रेल्वेकडं तक्रार केली.

मग ते कळ दाबायचे. लांब, आखूड, लांब, आखूड. म्हणजे 'कुणी हाय का?' एवढंच. मग हात उचलून ऐकायचे. परत दाबायचे. परत ऐकायचे.

ह्यातली गंमत अशी की आपण वर पाठवलेलं आपल्यालाच खाली ऐकू येतं. पातळ होऊन, जरा थरथरत, पण आपलंच. शिवाय उपग्रह जवळ येताना आवाज बारीक, लांब जाताना जाड. इंजिनाच्या शिट्टीगत. पहिल्यांदा स्वतःचा हात आभाळातनं परत आला तेव्हा अप्पांनी मला आत बोलावून कानाला हेडफोन लावला. मी ऐकलं.

"कोण हाय हे?" मी विचारलं.

"मी."

"आणि दुसरं कोण?"

"अजून कोण न्हाय."

ते 'अजून' पुढं वर्षभर टिकलं. सोलापूरच्या आसपास हा उद्योग करणारं दुसरं कुणी नव्हतं. शिवाय गावात हजारो यंत्रमाग. त्यांच्या मोटारींच्या ठिणग्यांनी रिसीव्हरमधी नुसतं फुटाणे भाजल्यासारखं व्हायचं. मागाच्या सुट्टीचा वार तेवढा स्वच्छ. त्या दिवशी मीही मोकळा. म्हणजे आठवड्यातनं एक दिवस, त्यातही आपल्या बाजूनं जाणारी गाडी. आणि तेवढ्यात अप्पा जगाला विचारणार, कुणी हाय का.

एकदा मी म्हटलं, "अप्पा, लई लोकांशी बोलायचं हाय का तुमास्नी?"

"एक माणूस," ते म्हणाले. "एकदा. मी हाक मारली, त्यानं ओ दिली, एवढं झालं की पुरे."

हे त्यांनी इतक्या शब्दांत सांगितलं म्हणजे ते त्यांना किती लागलं होतं हे मला कळलं. मघाशी म्हटलं तसं, वर्ष लागलं होतं मला त्यांची भाषा शिकायला.

पण दुसरीही एक गोष्ट मला कळली होती, आणि ती मी कळली असं दाखवलं नव्हतं. अप्पांचा कान जात होता.

सुरुवातीला हेडफोनमधलं फक्त त्यांना ऐकू यायचं. मग आवाज वाढत गेला. पुढं पुढं हेडफोन त्यांच्या कानावर, आणि बाहेर दांडीपाशी मला त्यातलं सगळं ऐकू यायचं. खाली गौराक्कानं हाक मारली की ते वळायचे नाहीत. बायका नवऱ्याला "ऐकलं का" म्हणून हाक मारतात. गौराक्कानं ती हाक कधीच सोडली होती. डॉक्टरनं कानात घालायचं मशीन सांगितलं होतं म्हणे. अप्पा म्हणाले, "मशीन घातलं की माणूस बहिरा ठरतो." आणि ज्या माणसाला सगळं तारघर कान म्हणायचं त्यानं बहिरं ठरून कसं चालेल? त्यापेक्षा ऐकू न आलेलं बरं.

एका सुट्टीच्या संध्याकाळी गाडी पश्चिमेनं वर आली. माग बंद, हवा स्वच्छ. अप्पांनी हाक मारली, हात उचलला, ऐकत बसले. आणि मला दांडीपाशी त्यांच्या कानावरच्या हेडफोनमधनं ऐकू आलं की कोण तरी उत्तर देतंय.

मला ती अक्षरं कळत नाहीत. पण शेडमधी डोळे मिटून कुठला माग कुठल्या कारागिराचा ते मी सांगायचो. प्रत्येकाचा ठेका वेगळा. अप्पांचा हात मला वर्षभरात पाठ झाला होता, गोल आणि सावकाश. हा दुसरा होता. तुटक, घाईचा.

अप्पांना तो ऐकू आला नाही. त्यांनी त्याच्यावरच परत हाक मारली.

"अप्पा! कोण तरी बोलतंय!"

त्यांनी एक कान मोकळा केला. "काय?"

मी आत जाऊन कानाशी ओरडलो, "कोण तरी बोलतंय!"

"आपलाच आवाज. परत येतोय."

"तुमी हात उचलल्यावर बी येतोय की!"

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. हेडफोनमधनं तो तुटक ठेका येतच होता, पुसट होत होत. मग थांबला. अप्पांनी घड्याळ बघितलं. "गाडी उतरली," म्हणाले, आणि यंत्र बंद केलं. कोटाची बटणं काढायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी मला गाडीला बोलावलंच नाही. मी काही बोललो नव्हतो, त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि दोघांचं भांडण झालं होतं.

शेवटी मीच गौराक्काकडं गेलो. ती अंगणात डाळ निवडत होती. ठेंगणी बाई, नाकात मोठी नथणी, आणि गळा असा की सोमवारी मठातल्या भजनात झांज वाजवायची तर बाहेर रस्त्यावर लोक थांबायचे.

"अक्का, अप्पांना ऐकू येत न्हाय."

"मला सांगतोस व्हय?" तिनं डाळीतनं मान वर केली नाही. "दोन वर्सं मी त्यास्नी तोंडावर कन्नडात शिव्या देतेय. हसतात."

मी तिला सगळं सांगितलं. कुणी तरी ओ दिली, आणि ह्यांनी त्याच्यावरच हाक मारली. मग तिचे हात थांबले.

"परत येईल का तो?"

"गाडी येईल. तो येईल का काय म्हाईत. आणि आला तरी काय? मला ठेका कळतो, अक्षर कळत न्हाय. मला एरियल फिरवायचं असतं. तुमाला बी अक्षर येत न्हाय."

"अक्षर कशाला पायजे?" ती म्हणाली. "भजनात पुढची बाई वाजवती तसं मागच्या बाईनं धरायचं. पद कुटलं का असंना. ठेका चुकला न्हाय म्हंजे झालं. अक्षर त्यांचं त्यास्नी येतंय की."

पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळी मी न बोलावता गच्चीवर गेलो आणि दांडीपाशी उभा राहिलो. अप्पा कोट घालून आत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चाकाकडं बघितलं.

"लाइन क्लिअर?"

"लाइन क्लिअर."

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. गौराक्का पदराला हात पुसत वर आली, सरळ आत गेली, अप्पांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि पदरावरनं आपल्या डोक्याला लावला.

अप्पा उठून उभे राहिले. "हे काय?"

"ऐकते." तिनं स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं, मग त्यांच्या कानाकडं, आणि हात हलवला. संपलं. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेल्या बाईनं नवऱ्याला तो बहिरा आहे हे एवढ्यात सांगितलं. तारेतसुद्धा ह्याहून आखूड झालं नसतं.

अप्पांचं तोंड लाल झालं. मग दोघं कन्नडात बोलले. म्हणजे ओरडले. मला अर्धंच कळलं, आणि जे कळलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी अप्पांनी भिंतीवरच्या चौकटीकडं बोट केलं. "परवाना माझ्या नावाचा हाय!"

"परवाना बोलायचा हाय," ती त्यांच्या तोंडासमोर सावकाश म्हणाली. "मी कुटं बोलते?"

अप्पा चौकटीकडं बघत राहिले. नियमाचा माणूस. नियमात हे कुठं बसतंय ते मनात शोधत असावेत.

"अप्पा," मी हात हलवून आभाळाकडं दाखवलं, "गाडी आली."

गाडी कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? ते बसले आणि त्यांनी कळ दाबली. अक्का मागं उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हेडफोनमधी जे ऐकू येईल ते एका बोटानं त्यांच्या कोटावर वाजवायला लागली. लांबला लांब, आखूडला आखूड. अप्पांचंच बोलणं वर जाऊन खाली येत होतं आणि तिच्या बोटातनं त्यांच्या खांद्यात उतरत होतं. त्यांचा हात आणि तिचं बोट बरोबर चालले होते.

हाक संपली. अप्पांनी हात उचलला.

अक्काचं बोट थांबलं. मी दाता ओढला, टक्. परत एक, टक्. खालनं कुणाच्या तरी पोराचं रडणं ऐकू येत होतं.

अप्पांनी परत हाक मारली. हात उचलला. आणि ह्या खेपेला तिचं बोट चालूच राहिलं.

अप्पा दगडासारखे बसले. मी दांडी सोडून आत बघत होतो. तोंड टेबलाकडंच ठेवून ते म्हणाले, "नरसू, चाक."

मी चाक धरलं. तो हात तसाच तुटक, घाईचा. त्या दिवशीचाच माणूस होता की दुसरा, कोण सांगणार? अप्पांनी उत्तर दिलं. मग ते एक एक अक्षर मोठ्यानं म्हणायला लागले, तिचं बोट पडेल तसं. "ओ. एल. ई. जी. ओलेग." मग थोड्या वेळानं, "बी. ए. के. यू. बाकू."

"बाकू कुटं आलं?" मी दारातनं विचारलं.

"सुम्मनिरी!" अक्का खेकसली. म्हणजे गप्प बसा. बाकू कुठं आहे, ओलेग कोण, ह्याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. ती डोळे मिटून ठेका धरून होती. एका हातानं हेडफोन दाबलेला, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर. कपाळावरनं घाम ओघळत होता तो पुसायला तिसरा हात नव्हता.

अप्पांनी सोलापूर पाठवलं. स्वतःचं नाव पाठवलं. गाडी उत्तरेकडं उतरायला लागली. पलीकडचा आवाज पुसट होत गेला तसं अक्काचं बोटही हलकं पडत गेलं. शेवटी तर ते नुसतं कोटाला टेकत होतं. मग टेकायचंही थांबलं. तिनं डोळे उघडले.

"गेला," म्हणाली.

अप्पांनी कळीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग ते म्हणाले, "शेवटचं अक्षर लांबवलंस."

"त्यानं लांबवलं," अक्का म्हणाली, आणि ते त्यांना कळावं म्हणून वर बोट दाखवलं.

"नवशिका असंल."

"मग मला कशाला बोलता?"

ती हेडफोन टेबलावर ठेवून खाली गेली. डाळ चुलीवर होती. अप्पांनी कोटाची बटणं काढली, कोट खुंटीला टांगला, आणि कठड्याशी जाऊन उत्तरेकडं तोंड करून उभे राहिले. मी चाकाला तेल घातलं. त्याला तेलाची गरज नव्हती.

एक माणूस, एकदा, असं ते म्हणाले होते खरे. पण एकदाची ओ मिळाल्यावर माणूस तेवढ्यावर थांबत नाही. पुढं आणखी काही जण मिळाले. रशियातले, आखातातले, एकदा जपानातलाही. अक्का दर खेपेला तक्रार करत वर यायची आणि वेळेवर यायची. कोटाच्या उजव्या खांद्याचं कापड विरलं तेव्हा तिनं तिथं ठिगळ लावलं आणि म्हणाली की ह्या माणसांपायी माझं काम वाढलंय. अप्पांना त्या वेळेपर्यंत उजव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते आता लपवत नव्हते. आपणहून सांगतही नव्हते, एवढंच.

मग उपग्रहाची बॅटरी गेली. गाडी आभाळातनं जायची, पण मुकी. अप्पांनी आठवडाभर वाट बघितली, टाइमटेबलावर 'रद्द' असं लिहिलं, आणि एरियल उतरवायला मला बोलावलं. त्याच सुमारास दुसरा कानही गेला. आमच्या शेडच्या मालकानं गावाच्या दुसऱ्या टोकाला नवे माग टाकले, मी बिऱ्हाड तिकडं हलवलं, आणि जाणं-येणं तुटलं.

कुणाकडनं तरी कळायचं. गौराक्कानं म्हणे त्यानंतर तारेची अक्षरं शिकून घेतली. उपग्रहासाठी नव्हे, त्याचं तिला कधीच काही पडलं नव्हतं. तिला नवऱ्याशी बोलायचं होतं. अक्षरं इंग्रजी, शब्द कन्नड, आणि वाजवायला अप्पांचा दंड. लोकांना वाटायचं म्हातारी नवऱ्याच्या अंगावरच्या माश्या हाकलतेय.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मंडईत. सकाळची वेळ, माणसाला माणूस चिकटलेलं, सगळीकडनं भाव ओरडणं चाललेलं. अप्पा दोडक्याच्या ढिगापुढं उभे होते, पार वाळलेले, पण शर्टाचं बटण गळ्यापर्यंत. शेजारी अक्का, तिची दोन बोटं त्यांच्या दंडावर. दोडकेवालीनं भाव सांगितला. अक्का काही बोलली नाही, नुसती बोटं हलली. आणि अप्पा एकदम गरजले, "महाग हाय!"

दोडकेवाली दचकली. ह्या म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. "अवो अप्पा, ऐकू आलं व्हय तुमास्नी?"

बोटं हलली. "आलं!" अप्पा म्हणाले.

मी हाक मारली नाही. त्यांना मारून उपयोग नव्हता, आणि मधी हातगाड्या, पाट्या, माणसं. पण अक्काची नजर माझ्यावर पडली. तिनं मान हलवली, हसली, आणि माझ्यावरची नजर न काढता नवऱ्याच्या दंडावर वाजवायला लागली. मला वाटलं नाव सांगत असेल. पण ती वाजवतच राहिली. माझं नाव एवढं लांब नाही.

अप्पा माझ्याकडं वळले नाहीत. ते दोडका हातात घेऊन, मान जरा वाकडी करून, शेवटपर्यंत नीट ऐकत होते, तारघरात बसायचे तसे. बोटं थांबली. मग अप्पा अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून तसाच हाय म्हण की!"

निम्म्या मंडईनं माझ्याकडं बघितलं. अक्कानं पदर तोंडाला लावला, आणि दोघं कोथिंबिरीकडं गेले.